अंकिताच्या लग्नाचा पहिला शॉट

"ह्ये बी न्हाई चालायचं," म्हणत आकारामआबांनी व्हीसीआर थांबवला आणि सौमित्रची तिसरी सुरुवातही निकालात निघाली.

इस्लामपूरजवळच्या त्या घरात आबांच्या अंकिताचं लग्न होऊन महिना झाला होता. नवरी नांदायला गेली, मांडव उतरला, उरलेली बुंदीसुद्धा संपली, पण लग्नाची कॅसेट काही पुरी होत नव्हती. हळद, वरात, जेवणावळी, पाठवणी, सगळं सगळ्यांना पसंत होतं. घोडं अडलं होतं पहिल्या शॉटवर.

आणि ते अडवलं होतं सौमित्रनंच. हा सांगलीचा हौशी शूटिंगवाला. "पहिल्या शॉटमध्ये अख्खा पिक्चर दिसला पाहिजे," असं ऑर्डर घेतानाच बोलून बसला. आबांनी ते मनावर घेतलं. घेणारच. कॅसेट जाणार होती जम्मूला, थोरल्या वीरधवलकडे. त्याला पलटणीतून रजा मिळाली नाही आणि पाठच्या बहिणीचं लग्न त्याच्याविना लागलं. त्याच पलटणीतला, गावचाच नाथाजी सुट्टी संपवून उद्या मिरजेहून गाडी धरणार होता. कॅसेट त्याच्याबरोबरच जायला हवी होती. "पोरानं ती लावली की त्येला वाटाय पायजे, आपुन आपल्या दारात हुबं हाय," एवढीच आबांची अट होती.

एवढीच! सौमित्रनं आधी गणपती आणि गरगर फिरणारी लग्नपत्रिका घातली. आबा म्हणाले, "ह्ये समद्यांच्यात असतंय." मग उसामागून उगवणारा सूर्य टाकला. "सूर्य काय जम्मूला उगवत न्हाई व्हय?" आज मोठ्या उमेदीनं त्यानं माळांनी झगमगणारं घर आणलं होतं. त्यावर आबा म्हणाले, "ह्ये घर हाय का तमाशाचा तंबू?"

सौमित्रचं तोंड उतरलं. बढाई मारली ती मारली. पण तिकडे एक भाऊ बहिणीचं लग्न बघायला बसणार आणि त्याला ते परक्याचं वाटणार, याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"ऱ्हाऊ द्या. फुडचं लावा," आबा हिरमुसून म्हणाले आणि त्यांनी आत हाक मारली, "आगं ये बघाय! तू तरी लगीन कुठं बघितलंयस?"

बनुबाई पदराला हात पुसत येऊन बसल्या. हळदीतली लेक बघून हसल्या, मग रडल्या. पडद्यावर अंतरपाट धरला गेला. भटजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं मात्र, त्या ताडकन उठल्या.

"काकू, कुठं निघालात? आता तर लग्न लागतंय!" सौमित्र म्हणाला.

"म्हनूनच की. लगीन लागताना पोरीच्या आईनं बघू न्हाई."

"आगं, टीवीत लागतंय त्ये!" आबा खेकसले. जमलेल्या शेजाऱ्यांत हशा पिकला. बनुबाई तोवर बाहेर पोचल्याही होत्या.

सौमित्रला हसू आलं नाही. दारातून अंगण दिसत होतं. बनुबाई तुळशीपाशी बसल्या होत्या, घराकडे पाठ करून, आणि तांब्यातून पाण्याची धार सोडत होत्या. मंगलाष्टकं संपेपर्यंत पाणी पुरायला हवं, म्हणून धार अगदी बारीक. लग्नादिवशीही त्या अशाच बसल्या असणार. तेव्हा त्याचा कॅमेरा अंतरपाटावर होता. आज दुपारी दुसरीकडे साखरपुडा होता म्हणून कॅमेरा बरोबरच होता. त्यानं तो खांद्यावर घेतला आणि उंबऱ्यात उभा राहिला.

आबा मागोमाग आले. "आवं, लगीन हून म्हैना झाला. आता कशाचं शूटिंग करतायसा?"

"सुरुवातीचं," सौमित्र कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता म्हणाला.

आबांनी त्याच्या खांद्यावरून बघितलं. बघतच राहिले. मग ते आत वळून ओरडले, "टीवीचा आवाज वाढवा रं! पार जम्मूला ऐकू जाऊ द्या!"