एकविसावी पायरी

“नगराध्यक्षबाई, आपल्या नगरपालिकेला दर वर्षी एक पायरी का वाढते?” मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शाळेच्या भेटीत मी भर सभागृहात विचारलंच.

“गावाची उंची आपल्या या उंबऱ्यापर्यंत मोजतात. डोंगरातलं सगळ्यात उंच गाव आपलंच राहायला नको का?” बाई ऐटीत म्हणाल्या. “शिवाय आता तक्रारीचा एकही अर्ज वर येत नाही.”

बाहेर आले तर आमची आजी चौथ्या पायरीवर गुडघे चोळत बसलेली, हातात नळाच्या तक्रारीचा अर्ज. अजून सतरा पायऱ्या बाकी होत्या.

“घरी सांगितलं तर सूनबाई म्हणते, ऑफिसात या,” आजी म्हणाली.

 

संध्याकाळी मी जाहीर करून टाकलं, “आई, पुढच्या निवडणुकीत आजी तुझ्याविरुद्ध उभी राहतेय, प्रचार माझ्याकडे. बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूने ते आजच ठरवा.”