सांडव्यावरची जागा

चोरिया उलटा लागला होता. दुर्पताबाईनं बोडीच्या पारीवरून, गावतळ्याच्या मातीच्या बांधावरून, पाहिलं आणि तिचे पायच थांबले.

बांबूच्या कमच्यांचा चोरिया. तोंडाशी आत वळवलेल्या टोकदार कमच्या, म्हणजे मासा आत शिरतो अन् माघारी येत नाही. हत्ती नक्षत्रात बोडी भरून सांडवा वाहतो, मासा पाण्यासोबत खाली उतरतो. म्हणून तोंड वर ठेवायचं, बोडीकडे. एवढं तर दुर्पताबाईच्या घरच्या मांजरालाही ठाऊक. आणि सुनेनं, दुर्गेश्वरीनं, तोंड ठेवलं होतं खाली, नाल्याकडे.

यंदा दुर्पताबाईची बोटं वळेनाशी झाली, म्हणून चोरिया सुनेनं विणला, पहाटे तिनंच लावला. आमगावच्या किराणा दुकानदाराची पोरगी. तिला काय कळणार?

आता काढून फिरवताही येत नव्हता. गावचा नेमच तसा. गावचे म्हातारे चैतरामबुवा ‘उचला’ म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. आणि हंगामाचा पहिला चोरिया रिकामा निघाला, तर सांडव्याची जागा दुसऱ्या घराला. तीन पिढ्या ही जागा दुर्पताबाईच्या घरात होती. दुसरं घर सुशिलाबाईचं. ती तर आपला चोरिया कमरेवर घेऊनच आली होती, नव्या नवरीनं घागर घ्यावी तशी.

“काऊन व दुर्पताबाई,” सुशिलाबाई हसली, “यंदा मासे शेपटीकडून शिरून राहिले का तुमच्या चोरियात?”

“तुले काय करायचं? तू आपली कंबर सांभाळ. मोडून जाईल वाट पाहता पाहता.”

मग सुनेकडे वळून दुर्पताबाई दातांतल्या दातांत म्हणाली, “घरी चाल तू. मंग सांगतो तुले.”

सून गुडघाभर पाण्यात लुगडं खोचून उभी होती अन् चोरियावरची नजर हलवत नव्हती.

चैतरामबुवांनी काठी टेकली. “उचला.”

दुर्गेश्वरीनं दोन्ही हात घातले. चोरिया हलला नाही. पुन्हा जोर केला. हलला नाही.

“अडकला वाटते,” सुशिलाबाई म्हणाली.

तेवढ्यात चोरियानंच झटका दिला. दुर्गेश्वरी मागं पडता पडता राहिली. आतून असं काही फडफडलं, की पाणी पारीवर उभ्या माणसांच्या तोंडावर उडालं. दुर्पताबाई वय विसरून पाण्यात उतरली. दोघींनी ओढत ओढत चोरिया काठाला आणला, मागच्या शेपटाच्या तोंडात कोंबलेला पळसपानांचा बोळा उपटला. भदाभदा मासा पडला! मांगूर, त्याच्यावर मांगूर, मुठीएवढे झिंगे, आणि मधोमध हातभर लांब मरळ, अशी उसळली की चैतरामबुवांनी काठी टाकून दोन पावलं मागं घेतली. टोपली भरली. दुसरी मागवली. तीही भरली.

“उलटा काऊन लावला व तू?” दुर्पताबाईला धाप लागली होती.

“उलटा नाही मामी. रातच्यानं नाल्याले नवं पाणी आलं ना. पहाटे पाहिलं, तं मांगूर सांडव्याच्या दगडावरून वर चढून राहिले होते. पाणी खाली अन् मासा वर. तुम्हाले उठवाले येत होती, पण तुम्ही म्हणाल, दुकानवालीले काय समजते.”

दुर्पताबाई तेच म्हणाली असती. नेमकं तेच.

सुशिलाबाईनं चोरिया या कमरेवरून त्या कमरेवर घेतला. “म्हणजे सुनेनं शिकवलं सासूले.”

“शिकवलं तं शिकवलं. माह्याच घरची आहे. तुह्या घरच्यानं शिकवलं असतं, तं लाज वाटली असती मले!”

पारीवर हसू फुटलं. चैतरामबुवाही हसले. जागा राहिली.

दुर्पताबाईनं शेपटात नवा बोळा ठासला, चोरिया उचलला आणि पुन्हा सांडव्याच्या धारेत जाऊन उभी राहिली. चाळीस वर्षं तिनं इथे चोरिया लावला होता, कोणाला विचारून नव्हे. पाणी मांड्यांना धडका देत होतं. ती वळली आणि साऱ्या गावादेखत ओरडली,

“अवं, पाहून काय राहिली? सांग ना, तोंड कुकडे ठेवू?”