जुन्या दरवाजातला देव

परळी स्टेशनचा जुना दरवाजा रेल्वेनं विटा रचून बुजवला, पण झिजलेली दगडी पायरी तशीच राहिली. तिच्यावर बसून सत्यभामा सीताफळं विकायची. पाठीमागच्या कमानीत माणसं लघवीला उभी राहायची. वासानं गिऱ्हाईक थांबेना, म्हणून तिनं शंकराच्या चित्राची टाइल आणून स्वतःच तिथं चिकटवली. घाण थांबली. मग कुणी उदबत्ती लावली, कुणी घंटा टांगली, गल्लीतल्या पुढाऱ्यानं दानपेटी ठेवली. एका सोमवारी त्याचे कार्यकर्ते आले. "मावशे, ऊठ हितून. देवाकडं पाठ करून बसतीस, कळत न्हाई का?" "आरं, ह्यो देव मीच बसवला हाय," ती म्हणाली. पोरं हसली. एकानं तिची सीताफळांची पाटी उचलून भिंतीच्या टोकाला नेऊन ठेवली. तिथं तिनं पोतं अंथरलं, तर खालची माती ओली. मागं एक माणूस तिच्या उठण्याची वाट बघत उभा होता.