बाहेरची कडी

सकाळपासून हौसाबाई दाराची बाहेरची कडी उपटत होती. खिळा गंजलेला, चौकट सागवानी, दोन्ही हट्टी. कुऱ्हाडीच्या पाठीने ती खालून घाव घालत होती आणि प्रत्येक घावाला माडी हादरत होती.

समोरच्या बिऱ्हाडातून तिची धाकटी जाऊ सीताबाई बाहेर आली. वाशीमच्या बाजारओळीतल्या या माडीवर दोघींचे दरवाजे समोरासमोर होते. मधे चार पावलांची मोकळी जागा.

"चांगली कडी काहून तोडता, जाऊबाई?"

"आत ठोकायची हाय. कुत्री बांधाले."

"कुत्री? माडीवर?"

"रामीबाईची. बाजारात माह्या शेजारी बसते ते बंजारीण. तिचा तांडा कामाले चालला दूर. म्हातारी कुत्री त्याइच्या मागं कुठवर चालंन?"

"अन् बाजारात जासान तवा कुलूप कशाले लावसान?"

"कुत्री राहीन ना घरात. कुलूप कायले लागते?"

आणखी दोन घाव बसले. कडी निघाली. हौसाबाईने ती तळहातावर तोलली, जुना हिशेब चुकता झाल्यासारखं तिच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन चुलीशेजारच्या खांबाला ठोकून टाकली.

आठ दिवसांपूर्वी हीच कडी बाहेरून लागली होती. सीताबाईचा मुलगा पंजाब नवरी घेऊन जिना चढत होता. त्याची विधवा मोठी माय हौसाबाई चुकून समोर यायला नको, म्हणून सीताबाईने आपल्या हाताने ती लावली. हौसाबाईने दाराआडून उखाणा ऐकला, हसणं ऐकलं. ज्या पोराला आईच्या बाळंतरोगात हिने सहा महिने बोळ्याने दूध पाजलं, त्याची नवरी कशी आहे हे तिला कळलं ते तिच्या पैंजणांवरून. कडी काढायची आठवण कोणाला दिवेलागणीपर्यंत झाली नाही. गडबड होती म्हणे. गडबडीत माणसं लावायचं बरोबर लक्षात ठेवतात, काढायचं तेवढं विसरतात.

आता हौसाबाईने उंबरा सारवला. डालड्याचा डबा मधोमध कापून पाण्याला ठेवला. कांद्याचं पोतं झटकून चुलीशेजारी अंथरलं. मग तांब्याभर पाणी आणि भाकरीचा तुकडा आणून उंबऱ्याशी ठेवला.

सीताबाई अजून दारातच होती. तुकडा पाहून तिचे डोळे मोठे झाले.

"हे कायले?"

"घरात नवं कोणी आलं का आपण काय करतो?"

"तुमी ओवाळसान?"

"दुसरं कोन हाय या घरात?"

खालून हाक आली. रामीबाई जिन्याच्या तोंडाशी उभी होती, हातात दोरी, दोरीला तांबूस रंगाची, फाटक्या कानाची कुत्री. जिना तिने जन्मात पाहिला नव्हता. तिने चारी पाय रोवले. रामीबाईने ओढलं, चुचकारलं, आपल्या गोरमाटी बोलीत चार शिव्याही दिल्या. कुत्री जागची हलेना.

हौसाबाई खाली उतरली. तीस वर्षं तिने वांग्यांच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या होत्या. तिने कुत्रीच्या पोटाखाली हात घातले, तिला छातीशी उचललं आणि वर आणून उंबऱ्याबाहेर ठेवलं. रामीबाई मागोमाग धापा टाकत आली.

"आता ऐका जाऊबाई," सीताबाईचा आवाज नरम झाला होता. "असंच करायचं असंन तं तुकडा रामीबाईच्या हाती द्या. तिचा मालक जिता हाय."

रामीबाईने एकदा सीताबाईकडे पाहिलं, एकदा कुत्रीकडे. "कुत्तीले बी सवाष्ण लागते का, बाई?"

"रीत हाय ते."

"रीत तुह्या घरात ठेव, सीते," हौसाबाई म्हणाली. "तिच्यापायी तू मले माह्याच घरात कोंडलं, मी कोंडून घेतलं. हे माह्यं घर हाय. इथं जे येईन ते माह्या हातानं येईन."

तिने तुकडा उचलला. कुत्रीच्या डोक्यावरून तिने तो तीनदा ओवाळला आणि पंजांवर पाणी घातलं. कुत्री घाबरून मागे सरली, पण नाक तुकड्यावरच होतं.

सीताबाईला आता जोर आला. "अन् तो तुकडा टाकसान कोणाले? ओवाळलेला तुकडा कुत्र्याले टाकतेत. कुत्र्यावरचा कोण खाईन?"

रामीबाईलाही हसू फुटलं. हौसाबाई मात्र हसली नाही. तिने तुकडा उंबऱ्याच्या आत, सारवलेल्या जमिनीवर टाकला.

"तेच खाईन. आपली नजर आपणच खाते ते. दुसऱ्या कोणाची गरज नाई तिले."

कुत्रीने उंबरा हुंगला. एक पाय आत टाकला, थांबली, मग दुसरा टाकला. तुकडा दोन घासांत संपला. मग ती सरळ पोत्यावर जाऊन दोन फेऱ्या घेऊन बसली.

हौसाबाईने रिकामा तांब्या उचलला आणि जावेकडे वळली.

"झालं. आता दार लावायचं असंन तं तू लाव, सीते. कडी हाय तुह्या दाराले."

सीताबाईचं तोंड उतरलं. ती आत गेली आणि तिने दार लोटलं. ते अर्ध्यावरच अडलं. उंबऱ्यात नवी सून उभी होती, कधीपासून कोण जाणे.

"सरक मांगं."

सून सरकली नाही. हळदीच्या हाताने तिने दार धरून ठेवलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच समोरच्या घराकडे तोंड करून बोलली.

"मोठ्या माय, नाव काय हाय तिचं?"