वसतिगृह नको

"पोरीनं सोताच नको म्हणलं, मी काय करू?" कॉलेजचे हेडक्लार्क, बडेबाबू केशोराव यांनी कॉम्प्युटरचा पडदा मोहनलालकडे वळवला. रिंकीच्या नावापुढं लिहिलं होतं : वसतिगृह नको.

मोहनलाल सालेकस्याहून पहिल्या गाडीनं आला होता. पोरीला गोंदियात नर्सिंगला घालायची त्याची एकच अट होती, ती वसतिगृहात राहील. रोज रेल्वेनं जाणंयेणं करायचं असेल तर शिक्षण बंद. त्यानं शेजारी उभ्या रिंकीकडे पाहिलं. "काऊन वं?"

"माह्या हातानं 'पाहिजे'च दाबलं होतं, बाबा." रिंकीनं हातातला मोबाईल पुढं केला.

पलीकडच्या टेबलावर रेणूनं ते ऐकलं. कॉलेजची वेबसाइट तिनंच बनवली होती. तिनं भराभर यादी चाळली. कार्यालयात येऊन केशोरावांच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरणाऱ्यांचं सगळं ठीक होतं. मोबाईलवरून भरणाऱ्या झाडून सगळ्या मुलींपुढं 'नको'.

आणि कारण तिला लगेच कळलं. अर्जाच्या चौकटीत आधीपासून 'नको' लिहिलेलं होतं. केशोरावांच्या कॉम्प्युटरवरचा जुनापुराणा ब्राउझर मुलीनं बदलून निवडलेलं उत्तर वाचायचा. मोबाईलवरचा नवा ब्राउझर तिनं लिहिलेल्या त्याच आज्ञेवर आधीचं 'नको' वाचून मोकळा व्हायचा. दोन्हीकडे तपासायला हवं होतं. पण प्राचार्यसाहेब केशोरावांच्याच कॉम्प्युटरवर पाहून मंजुरी द्यायचे, म्हणून सगळे तिथंच तपासायचे. मोबाईलवर पाहू का, असं तिनं एकदा विचारलं होतं. "कायले? साहेब इथंच पाहतेत," केशोराव म्हणाले, आणि तिनं मुकाट्यानं मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची तिला आता लाज वाटत होती.

ती उठली. "बाबूजी, चूक माझी आहे. पोरगी खरं बोलून राहिली."

केशोराव हसले. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर नवा अर्ज उघडला, 'पाहिजे' निवडलं आणि बटण दाबलं. यादीत आलं : वसतिगृह पाहिजे. "दाखव चूक."

रेणूनं रिंकीचा मोबाईल मागून घेतला आणि सगळ्यांसमोर तोच अर्ज तसाच भरला. यादीत आलं : वसतिगृह नको. तिला वाटलं, आता तरी पटेल.

"म्हणजे आमचं बरोबर हाय," केशोराव म्हणाले. "मोबाईलच खराब हाय या पोरीचा. खोल्या तं परवाच भरल्या, यादी साहेबाच्या सहीनं गेली. पुढल्या साली पाहू."

"मोबाईल चांगला आहे हो! मी जे लिहिलं..."

"बस झालं, रेणू."

मोहनलाल तिचं ऐकतच नव्हता. त्याला हवा तो दोषी सापडला होता : मोबाईल. त्यानं रेणूच्या हातातून मोबाईल घेतला, बंद केला आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात घातला.

"चल घरी," तो रिंकीला म्हणाला. "हा आता माह्याजवळच राहील."