न विरघळणारं

बाबांच्या खुब्याचा सांधा सिरॅमिकचा होता. चालताना तो कुरकुरायचा, त्यामुळे ते जिना चढताहेत हे इंदिरानगरच्या आमच्या घरात सगळ्यांना कळायचं.

राख सावडताना सांध्याचा पांढरा गोळा तेवढा अख्खा सापडला. त्याला साधा तडाही गेला नव्हता. अस्थींबरोबर मी तोही रामकुंडात सोडला.

"इथं अस्थी विरघळतात," गुरुजी म्हणाले. "हे नाही विरघळायचं."

घरी येऊन आम्ही पानावर बसलो, तेवढ्यात जिन्यात कुरकुर ऐकू आली. आईनं उठून दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं.

दार लावून ती परत यायला वळली. आता तिच्या प्रत्येक पावलाला कुरकुर होत होती.

खुब्यावर हात ठेवून आई खाली बसली.

"दमलो रे," ती म्हणाली.