छत्रीखालची जागा

परक्या राजवटीच्या साहेबांना इतिहासाच्या पुस्तकातून हाकलायचं ठरलं, तेव्हा शाळेतले सर समितीपुढे अर्ज घेऊन उभे राहिले. पुस्तकातल्या पुलाच्या उद्घाटनाच्या फोटोत साहेबावर छत्री धरणारे त्यांचे पणजोबा होते आणि घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता. “साहेबाला काढू, पणजोबांना ठेवू,” अध्यक्ष उदारपणे म्हणाले. चित्रकाराने साहेब पुसला. उरली छत्री आणि कोपरापर्यंतचा हात. बाकीचे पणजोबा साहेबाच्या आड होते. “चेहरा रंगवून देतो,” चित्रकार म्हणाला. “कसे दिसायचे?” “कुणीच पाहिलं नाही,” सर म्हणाले. “मग तुम्हीच उभे राहा. खानदानी नाक आहे.” सरांनी छत्री उघडली. चित्रकार कुरकुरला, “खाली कुणीतरी हवं, नाहीतर हात खोटा वाटतो.” अध्यक्ष उठले, कोट झटकून छत्रीखाली उभे राहिले. तासाभराने सरांचा दंड बधिर झाला. अध्यक्ष मागे न बघताच म्हणाले, “जरा पुढे धरा. खिडकीतलं ऊन लागतंय.”